शॉकचा डबा उघडण्याआधी

अगं, शॉक कोणता आणू हे विचारतेस, पण त्याआधी मला सांग, तुमच्या फार्महाउसच्या पोहण्याच्या पुलात पाणी मावतं किती? बांधणाऱ्याने सांगितलेला आकडा नको, तू स्वतः मोजलेला हवा. टेप घे, लांबी-रुंदी फुटांत माप, उथळ टोक आणि खोल टोक बघ. समज, २५ फूट लांब, १२ फूट रुंद, एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ५, म्हणजे सरासरी ४ फूट खोल. गुणाकार केलास की १२०० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी बसतं, म्हणजे तुमचा पूल झाला जवळपास ३४ हजार लिटरचा. हा आकडा पंपाच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेव. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कारण हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध क्लोरीन पडलं की एक पीपीएम होतं. ३४ हजार लिटरला एक पीपीएम हवं तर ३४ ग्रॅम, दहा हवं तर ३४० ग्रॅम. आता हे ३४० ग्रॅम ज्या डब्यातून काढायचे, त्या डब्यात क्लोरीन किती टक्के आहे त्यावर तुझं वजन ठरतं. ग्रामपंचायतीत असते ती टीसीएल पावडर, म्हणजे आपलं ब्लीचिंग, ताजी असेल तर ३३ टक्क्यांच्या आसपास. ती किलोभर लागेल. कॅल हायपो, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्के, ते अर्धा किलोच्या थोडं वर. एसडीआयसी, म्हणजे डायक्लोर, साधारण ५६ टक्के, ते सहाशे ग्रॅम. आणि कॅनमधलं पातळ हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दहा टक्क्यांचं असेल तर साडेतीन लिटरपेक्षा थोडं कमी. ‘दोन मग टाका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कशाचे दोन मग, ते कळल्याशिवाय त्या सांगण्याला काही अर्थ नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. शॉक नावाचं वेगळं रसायन नसतं. रोज देतेस त्याहून कितीतरी जास्त क्लोरीन एका दमात पाण्यात चढवायचं, शेवाळ आणि घाण जळून जाईपर्यंत ते तिथेच धरून ठेवायचं आणि मग उतरू द्यायचं, याला शॉक म्हणतात. पाकिटावर मोठ्या अक्षरांत शॉक लिहिलेलं असलं तरी मागची बाजू वाच. आत काय आहे ते तिथे बारीक अक्षरांत असतं, आणि ते बारीक अक्षरच तुझ्या कामाचं.

टीसीएल आणि टीसीसीए ही दोन नावं ऐकायला जवळजवळ सारखी वाटतात, त्यांची गल्लत होऊ देऊ नकोस. टीसीएल म्हणजे चुन्यावर बसवलेलं क्लोरीन, ब्लीचिंग. टीसीसीए ९० म्हणजे ट्रायक्लोर, त्या पांढऱ्या जाड गोळ्या किंवा खडे. त्यात क्लोरीन नव्वद टक्के असतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो आणि पुण्याहून येणारे पूलवाले शॉकलाही तेच टाकतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच गोळ्यांची, कारण त्यांच्यातून क्लोरीनबरोबर आणखी एक गोष्ट पाण्यात उतरते आणि ती परत जात नाही.

त्या गोष्टीला पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात. रसायनाचं नाव सायन्युरिक आम्ल. थोडं असणं गरजेचंच आहे. आपल्याकडच्या उन्हात उघड्या पुलातलं क्लोरीन स्टॅबिलायझर नसेल तर तासाभरात निम्म्यावर येतं, दुपारपर्यंत काही उरतच नाही. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं. पण धरून ठेवतं म्हणजे जंतू आणि शेवाळ मारायलाही लगेच मोकळं सोडत नाही. तीस-चाळीस पीपीएमपर्यंत हा सौदा फायद्याचा आहे. शंभरवर गेलं की पाण्यात क्लोरीन आहे असं किट दाखवतं आणि तरीही भिंती बुळबुळीत होतात.

आता बघ हं. मे महिन्यात तुमच्यासारख्या उघड्या पुलात दिवसाला तीनेक पीपीएम क्लोरीन सहज खर्च होतं. ते सगळं टीसीसीएच्या गोळ्यांमधून दिलं तर दर दहा पीपीएम क्लोरीनमागे सहा पीपीएम स्टॅबिलायझर साठतं. महिन्याला क्लोरीन नव्वद, स्टॅबिलायझर चोपन्न. दोन महिन्यांत शंभरी पार. आणि एसडीआयसीने शॉक दिलास तर दहामागे नऊ. क्लोरीन उडून जातं, हे मागे राहतं. आमटीत मीठ जास्त पडलं तर उकळून कमी होत नाही, थोडी आमटी काढून पाणीच वाढवावं लागतं, तसं हे आहे. शंभराचं पन्नास करायचं तर तुमच्या पुलातलं सतरा हजार लिटर पाणी सोडून द्यायचं आणि तितकंच नवं भरायचं. मे महिन्यात, जेव्हा वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया हंड्यासाठी झऱ्यावर रांग लावतात तेव्हा. म्हणून म्हणते, शॉकची निवड ही पाणी वाचवायचीही गोष्ट आहे. पुलाचं पाणी फेकावं लागणार नाही असा शॉक निवड.

माझं मत विचारशील तर तुमच्या जागेला दोन गोष्टी पुरे आहेत. शॉकला कॅल हायपो किंवा ताजं हायपो. स्टॅबिलायझर एकदाच मोजून तीसपर्यंत आणायचं, आणि गोळ्या फक्त तुम्ही चार दिवस गावाला जाणार असाल तेव्हा. कॅल हायपोमुळे पाण्यात कॅल्शियम वाढतं, दहा पीपीएम क्लोरीनमागे साताच्या आसपास. आपल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी आधीच जड असतं. टाइलच्या कडेला पांढरा थर धरायला लागला तर त्या हंगामात हायपोकडे वळ. हायपोचा दोष वेगळा. उन्हात पडलेला कॅन काही आठवड्यांत निम्म्या जोराचा होतो. एका वेळी दोन-तीन आठवड्यांचंच आण, सावलीत ठेव, आणि कॅनवर आणल्याची तारीख लिही.

टीसीएल स्वस्त आहे, ओळखीचं आहे, आपल्या विहिरीत तेच पडायचं. पावसाळा लागला की पंचायतीचा माणूस बादलीत पावडर कालवून विहिरीत ओतायचा आणि काकू दोन दिवस चहाला वास येतो म्हणून कुरकुर करायच्या, आठवतं ना? विहिरीला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम, हा त्यांचा ठरलेला हिशेब. वारीच्या वाटेवरच्या विहिरींतही हीच पावडर पडते. १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्याला कायमचं क्लोरीन देणं सुरू झालं तेही ब्लीचिंग पावडरनेच. तेव्हा तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त पुलात टाकायची तर चुन्याचा गाळ आत जाऊ देऊ नकोस, नाहीतर पाणी दुधट होईल आणि फिल्टरची वाळू चुन्याने घट्ट बसेल. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घे, त्यात पावडर कालव, तासभर निवू दे, वरची निवळी तेवढी ओत. आणि पोतं एकदा उघडं पडून दमट झालं की त्यातला जोर गेला समज. आपल्याकडच्या पावसात तर आठवड्यांत. तेव्हा किलोचा हिशेब चुकतो.

क्लोरीन नसलेला शॉकही मिळतो, महाग असतो. घामाचा आणि तेलाचा मळ तो जाळतो, पण शेवाळ मारायला त्याच्यावर विसंबू नकोस. तुला त्याची गरज नाही.

निवडीचं एवढं पुरे. खरं महत्त्व मोजण्याला आहे, आणि तिथेच बहुतेक फार्महाउस फसतात.

तुमच्याकडे पंचायतीत जलसुरक्षक असतील ना, ते नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग बघतात. ती ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यासाठी ती वर्षानुवर्षं उपयोगी पडली आहे. पण पुलाला ती पुरत नाही. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं. एक मोकळं, जे जंतू मारतं. दुसरं अडकलेलं, घामातल्या नि लघवीतल्या नत्राशी बांधलं गेलेलं, जे फारसं काही करत नाही, उलट डोळे झोंबवतं. ओटी दोन्ही एकत्र मोजते. पाणी पिवळंधमक दिसतं, भाऊजींना वाटतं क्लोरीन भरपूर आहे, आणि मोकळं क्लोरीन शून्याला टेकलेलं असू शकतं. तेव्हा डीपीडीचं किट घे. त्यातली एक नंबरची गोळी मोकळं दाखवते, तीन नंबरची त्यात घातली की एकूण दिसतं. वजाबाकी केलीस की अडकलेलं कळलं. आणि कुठल्याही टेस्टचं रंगीत पाणी पुलात परत ओतू नकोस, मोरीत ओत.

पाहुणे म्हणतात ना, ‘काय क्लोरीन मारलंय, वास बघा’, तो वास या अडकलेल्या क्लोरीनचा. त्या वासाला घाबरून क्लोरीन कमी करणारे पूलवाले मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे, कारण तिथे गरज नेमकी उलटी असते. अडकलेलं अर्ध्या पीपीएमच्या वर गेलं की शॉक द्यायचा, आणि द्यायचा तो त्याच्या दहापट. ०.८ निघालं तर आठ पीपीएम, म्हणजे तुमच्या पुलाला शुद्ध क्लोरीन २७२ ग्रॅम, कॅल हायपोत सव्वाचारशेच्या आसपास. हात राखून निम्मंच टाकलंस तर मळ अर्धवट जळतो आणि वास वाढतो.

हा मळ येतो कुठून, ते तू रोज बघतेस. राजगड २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि मार्गासनीवरून साखर-गुंजवण्याकडे वळणाऱ्या गाड्यांतली बरीच माणसं पुढे कुठेतरी पाण्यात उतरायला उत्सुक असतात. गड उतरून आलेला माणूस घामाने आणि मातीने माखलेला, वर सनस्क्रीन, डोक्याला तेल. त्याला पुलात उतरण्याआधी एक मिनिट शॉवरखाली उभं करता आलं तर तुझं निम्मं क्लोरीन वाचेल. शॉवर पुलाच्या वाटेवरच बसवून घे, वळसा घालून जावं लागेल अशा जागी नको, आणि जीन्स-साडीवर उतरू देऊ नकोस. लाजू नकोस सांगायला. छोट्या मुलांना तासाभराने बाहेर काढून बाथरूमला नेऊन आणा असं आयांना सांग. तू बाईमाणूस आहेस, तुझं त्या ऐकतील.

आता प्रत्यक्ष रात्र. शॉक सूर्य मावळल्यावरच द्यायचा. दुपारी दिलेला अर्धा तर उन्हातच जाईल.

संध्याकाळी आधी पाण्याचा पीएच बघ. ७.२ ते ७.४ च्या दरम्यान आण. साडेसातला क्लोरीनचा जवळजवळ निम्मा भागच जोरदार रूपात असतो, आठला चौथा हिस्सा उरतो. म्हणजे पीएच वर असताना तू ओतलेल्या किलोतला पाव किलोच काम करतो. वर असेल तर अ‍ॅसिड थोडं थोडं, खूप पाण्यात मिसळून, पंप चालू असताना. खाली असेल तर धुण्याचा सोडा. अ‍ॅसिड टाकल्यावर निदान तासभर पंप चालू दे, मगच क्लोरीनकडे वळ. पीएच आधीच बघायचा, कारण क्लोरीन दहाच्या वर गेलं की पीएचचं किट विश्वासाचं राहत नाही.

पाणी हिरवं असेल तर किती चढवायचं हे स्टॅबिलायझर ठरवतं. पूलवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की स्टॅबिलायझर तीस असेल तर क्लोरीन बारापर्यंत न्या, पन्नास असेल तर वीस, शंभर असेल तर चाळीस. चाळीसचा आकडा बघितलास की कळेल मी गोळ्यांना का भिते. तिथवर नेण्याइतकं रसायन ओतणं महागही आणि धोक्याचंही. तिथे थोडं पाणी बदलणंच शहाणपणाचं. स्टॅबिलायझर मोजायची नळी मिळते, तळाला काळा ठिपका असतो. पाणी ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की रेघ वाचायची. महिन्यातून एकदा पुरे.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलट कधीच नाही. हलक्या हाताने विरघळव, वाऱ्याकडे पाठ कर, जिथून पाणी आत येतं त्या तोंडांजवळ ओतत पुलाभोवती फीर. ब्रशने भिंती आणि पायऱ्यांचे कोपरे घास, कारण शेवाळ थर धरून बसलेलं असताना क्लोरीन वरवरच फिरतं. पंप रात्रभर चालू. तुमच्याकडे लाइट जाते, तेव्हा जनरेटरवर पंप चालतो का ते आधी बघून घे. पाणी फिरलं नाही तर क्लोरीन एका कोपऱ्यात पडून राहील. तासाभराने मोज, उतरलं असेल तर परत चढव. पहिल्या दिवशी ते भराभर उतरतं, घाबरू नकोस, शेवाळ ते खात असतं.

इथे एक गोष्ट मनात पक्की धर. क्लोरीन फार चढलं की डीपीडीचा गुलाबी रंग उमटतो आणि लगेच उडतो, नळी पांढरी दिसते. माणसाला वाटतं क्लोरीन संपलं, आणि तो आणखी ओततो. शॉकच्या रात्री नमुना बाटलीबंद पाण्यात मिसळून मोज, एक भाग पुलाचं, चार भाग साधं, आणि आलेला आकडा पाचाने गुण.

पाणी हिरव्याचं करडं, करड्याचं दुधट होईल. ते मेलेलं शेवाळ. आता क्लोरीनइतकंच काम फिल्टरचं. दाबाचा काटा स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेला की बॅकवॉश. कुणी तुरटी टाका म्हणेल. तुरटीने गाळ खाली बसतो हे खरं, आपल्या आज्या माठात फिरवायच्याच. पण तिने पीएच उतरतो आणि खाली बसलेला गाळ फिल्टरला बाजूला ठेवून थेट बाहेर ओढून काढावा लागतो. ती व्यवस्था नसेल तर नको. आणि मोरचूद तर नकोच. डाळिंबाच्या बागेत बोर्डोला वापरतात म्हणून घरात पडलेलं असतं, शेवाळही मारतं, पण तांबं पाण्यात साठत जातं, टाइलवर डाग उमटवतं, मुलींचे केस हिरवट करतं, आणि ते पाणी ओढ्यात गेलं की मासे मरतात. बोअरच्या पाण्याने नुकताच पूल भरला असेल आणि शॉकनंतर पाणी हिरव्याऐवजी तांबूस झालं, तर ते शेवाळ नाही, पाण्यातलं लोह आहे. आणखी क्लोरीन ओतू नकोस, फिल्टर चालव.

झालं कधी म्हणायचं? तीन गोष्टी जुळल्या की. खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते. अडकलेलं क्लोरीन अर्ध्याच्या खाली आहे. आणि रात्री मोजलेलं क्लोरीन पहाटे उजाडायच्या आत मोजलं तर एक पीपीएमपेक्षा जास्त उतरलेलं नाही. ही तिसरी खूण सगळ्यात खरी. रात्री ऊन नसतं, म्हणजे उतरलं तर ते काहीतरी जिवंत अजून खातंय. मग चार-पाचच्या खाली येईपर्यंत थांब आणि पूल उघड. जाळी दिसत नसेल तर शनिवारचं बुकिंग असलं तरी उघडायचं नाही, भाऊजी काहीही म्हणोत. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. इथे मला पैशाचा हिशेब ऐकायचाच नाही.

रोजचं सांगते. स्टॅबिलायझर असलेल्या पुलात मोकळं क्लोरीन दोनच्या खाली कधी जाऊ देऊ नकोस, आणि स्टॅबिलायझर चाळीस-पन्नास असेल तर तीन-चारवर ठेव. पीएच ७.२ ते ७.८. सकाळी एकदा आणि पाहुणे गेल्यावर एकदा मोजायचं, वहीत लिहायचं. हे सांभाळलंस तर शॉकची वेळ क्वचितच येईल: मोठ्या गर्दीच्या शनिवार-रविवारनंतर, वळवाच्या पावसाने माती आणि पालापाचोळा आत आणला की, लाइट जाऊन पंप बराच वेळ बंद राहिला की. पावसाळ्याचे चार महिने तुमच्याकडे पाऊस असा कोसळतो की पूल रोज वाहतो आणि स्टॅबिलायझरही आपोआप उतरतं. तेव्हा जूनच्या तोंडाला पाणी बदलायची घाई करू नकोस, ते काम पाऊस फुकटात करतो. सप्टेंबरात मोजून परत तीसवर आण.

एक प्रसंग वेगळा धरायचा. पुलात एखाद्या मुलाला शी झाली तर. घट्ट असेल तर सगळ्यांना बाहेर काढ, जाळीने उचल, क्लोरीन दोनवर आणि पीएच साडेसातच्या आत ठेवून अर्धा तास थांब. पातळ असेल तर गोष्ट गंभीर आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जीव साध्या एक पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसांवर तग धरतो. त्याला मारायला वीस पीपीएम जवळजवळ तेरा तास धरून ठेवावं लागतं, तेही पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर. तुमच्या पुलात ते असणारच, म्हणजे अशा वेळी थोडं पाणी बदलल्याशिवाय आणि पूल दिवस-दोन दिवस बंद ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. जुलाब लागलेल्या मुलाला पाण्यात उतरू देऊ नका, हे पाटीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला काय झालं ते तू वाचलंस. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, त्या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले, पुणे परिसरातला संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पार गेला, माणसं दगावली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. ते पिण्याच्या पाण्याचं आणि अन्नाचं प्रकरण होतं, पुलाचं नव्हे. पण त्याच भागातली कुटुंबं शनिवारी तुमच्याकडे येतात, आणि पुलात उतरलेलं मूल पाणी गिळतंच. तुमच्या विहिरीचं पाणीही त्या निमित्ताने तपासून घे. स्वयंपाकघरात तेच जातं. केरळात २०२४ नि २०२५ साली मेंदूला खाणाऱ्या अमिबाच्या बातम्या आल्या, तो कोमट, क्लोरीन नसलेल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. पुलात क्लोरीन नीट राखलं तर तो तिथे टिकत नाही.

आता जिवाची गोष्ट, आणि ही काकांनाही समोर बसवून सांग, जे तुमच्या पुलाकडे बघतात. अ‍ॅसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. वेगळ्या बादल्या, वेगळे मग, बादल्यांवर रंगाने नाव. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिडही त्यात आलं. टीसीसीए आणि कॅल हायपो एकमेकांना लागू देऊ नकोस. एकाचा ओला चमचा दुसऱ्याच्या डब्यात गेला तरी आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. गोळ्या ठेवायच्या तरंगत्या डब्यात कॅल हायपो कधी भरू नकोस. आणि हे डबे शेतीच्या शेडमध्ये ठेवतेस ना, ते आजच हलव. तिथे युरिया आहे, डिझेलचा कॅन आहे, फवारणीची औषधं आहेत. युरियाशी क्लोरीन मिसळलं तर स्फोटक पदार्थ तयार होतो, डिझेलशी कॅल हायपो लागलं तर काडी न लावता पेट घेतं. वेगळी, हवेशीर, कुलपाची कोरडी खोली, जमिनीपासून वर फळी, त्यात फक्त पुलाचं सामान, आणि अ‍ॅसिड त्याच खोलीत नाही. कधी हिरवट पिवळा वायू सुटलाच तर वाऱ्याच्या उलट दिशेने आणि चढाकडे पळायचं, कारण तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आधी माणसं बाहेर, डबा वाचवायला कुणी आत जायचं नाही.

काकांना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घेऊन दे. तुझ्या पाहुण्यांच्या मुलांसाठी ते रोज हे हाताळतात, त्यांचे डोळे कमी मोलाचे नाहीत.

शेवटचं, बॅकवॉशच्या आणि कधी काढावं लागलंच तर पुलाच्या पाण्याचं. तुमच्या बांधाखालचा ओढा गुंजवणीलाच मिळतो, आणि खाली त्याच नदीवर माणसं कपडे धुतात, गुरं पाणी पितात, कुणी मासे धरतं. क्लोरीन असलेलं पाणी थेट ओढ्यात सोडायचं नाही. दोन-चार दिवस क्लोरीन न घालता उन्हात राहू दे, स्टॅबिलायझर असेल तर थोडे जास्त लागतील, किट शून्य दाखवेल तेव्हा आंब्यांच्या आणि सागाच्या आळ्यांकडे वळव. भाजीच्या वाफ्यात नको, पुलाच्या पाण्यात क्षार साठलेले असतात. बॅकवॉशसाठी शेडच्या मागे शोषखड्डा खणून घे. पाऊस लागायच्या आत कर, नंतर तिथली माती उपसता येणार नाही.